वीणा कोणाच्या गळ्यात

वारीहून आलेला माणूस हमखास सांगतो, "मीपण गळून पडलं." माझं काही गळालं नाही. उलट दिवेघाट चढताना टाचेवरचा फोड, खांद्याला रुतणारी पिशवी आणि मागून ढोसत येणारा एक तरुण, या तिघांनी माझा मी चांगलाच जागा ठेवला होता.

घाटात माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. आमच्या दिंडीत एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. रथाकडे बघत ते म्हणाले, "माऊली, यातलं रथ कशाला म्हणायचं? चाकाला, आसाला, की जुवाला?"

प्रश्न जुनाच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या मिलिंद या ग्रीक राजाला भिक्खू नागसेनानं तो विचारला होता, कारण राजा रथातून आला होता. एकेक भाग बाजूला केला की रथ म्हणून वेगळं काही हाती लागत नाही. 'नागसेन' हेही तसंच, जुळणीला दिलेलं नाव. पुढे १७३९ साली स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनंही जवळपास हेच लिहिलं : आत डोकावलं की ऊन, गारवा, प्रेम, द्वेष अशी एखादी जाणीव सापडते, ती बाळगणारा सापडत नाही.

मी करून पाहिलं. चढणीला दुसरं काम नसतं. फोडाची ठणक सापडली, तहान सापडली, पखवाजाचा ठेका सापडला. दमलेला कोण, ते काही सापडेना. मास्तरांना सांगितलं तर हसले. "आणि शोधत कोण होतं?"

ही ज्ञानदेवांची बाजू. चांगदेवांना लिहिलेल्या ६५ ओव्यांत ते म्हणतात, आरसा समोर नसला तरी मुख जिथल्या तिथे असतंच. पाहणारा दिसत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही. पटतं. पण त्या पाहणाऱ्याला ना माझं नाव, ना गाव, ना फोड. मग तो माझा कसा? मला तर फोडवालाच हवा होता.

सासवडच्या तळावर रात्री वीणेचा पहारा होता. आमच्या दिंडीत वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. एकाची वेळ संपली की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, तार वाजतच असते. नागसेनानं मिलिंदाला दिव्याचंही विचारलं होतं : पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच नाही, पण दिवा दुसराही नाही. रथापेक्षा हे उत्तर मला सरस वाटतं. रथ मोडून दाखवता येतो, पण कालचा मी आज पुढे कसा येतो, हे त्यातून कळत नाही. पहाऱ्यात ते समोर घडत होतं. वीणेकरी बदलले, वीणा खंडली नाही.

मास्तरांना मान्य नव्हतं. "ज्योत बदलली हे सांगायला रात्रभर जागा असलेला एक तरी लागेल की नाही?"

मी म्हटलं, "जागणाऱ्यांचेही पहारे बदलत असतील."

जेजुरी येईपर्यंत हे चाललं. ते साक्षीवर अडलेले, मी ज्योतीवर. शेवटी मागच्या एक आजी वैतागून म्हणाल्या, "माऊली, चाल धरा की! दोघांचंबी टाळ चुकायलंय."