चढणीचा मासा मोरीपाशीच का अडतो?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या ओढ्यांत मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर निघतात. कुठे त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कुठे वलगणीचे. पोटात अंडी असतात आणि वाट ठरलेली असते: नदीतून ओढ्यात, ओढ्यातून वहाळात, काहींची तर थेट भातखाचरात. ही वाट उघडी राहते ती फार तर काही दिवस. तेवढ्यात मासा वर पोचला नाही तर त्या वर्षीची पैदास गेली.

वाट अडवायला मोठं धरण लागत नाही, रस्त्याखालची मोरी पुरते. रुंद ओढा दोन ह्यूम पाइपांत, म्हणजे सिमेंटच्या गोल नळ्यांत, कोंबला की पाणी आत सुसाट धावतं. पाइप आतून गुळगुळीत असतो, माशाला क्षणभर टेकायला दगडाचा आडोसा नाही. तेच वेगवान पाणी बाहेर पडताना खालचा तळ खणून काढतं आणि दोन-चार पावसाळ्यांत पाइपाचं तोंड अधांतरी लटकू लागतं. मल्या नावाचा छोटा मासा ओल्या, खडबडीत कातळावर ओठाखालच्या चकतीने चिकटून चढू शकतो. पण अधांतरी पडणाऱ्या धारेला चिकटायला मागे दगडच नसतो. वीतभर उंचीही त्याला मग भिंतच.

नवी मोरी होणार असेल तर पाइपाऐवजी स्लॅबची मोरी मागावी, भरल्या ओढ्याच्या रुंदीएवढी, तळ नैसर्गिक ठेवून. पाइपच टाकायचा असेल तर त्याचा साधारण पाचवा हिस्सा तळाखाली गाडावा, म्हणजे आत गोटे साठून राहतात. जुन्या, लटकलेल्या पाइपाखाली दगडांचा उतार रचता येतो. एक फूट चढायला किमान वीस फूट लांबी धरा. एक-दीड फुटाचे धोंडे निम्मे तळात रोवा आणि फटींत बारीक खडी भरा. ती भरली नाही तर पावसाच्या सुरुवातीचं थोडं पाणी दगडांखालूनच निघून जातं आणि उतार वर कोरडा राहतो. वरून सिमेंटचा गिलावा मात्र करू नका, नाहीतर पुन्हा पाइपासारखीच घसरगुंडी. काम एप्रिल-मेमध्ये उरकावं.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचंही असंच. बरगे, म्हणजे पाणी अडवायला लावलेल्या फळ्या, पावसाआधी निघाले तर मासा वर जातो. पहिला पूर येऊन गेल्यावर काढले तर पाणी अडत नाही, पण चढण हुकलेली असते. आमच्या मते बरगे काढण्याची तारीख पाणीवाटपाइतकीच काटेकोर पाळायला हवी.

वर पोचलेल्या माशाला मग तळ चांगला लागतो. खळाळातला एक दगड उचलून बघा. निरोगी ओढ्यात तो सहज सुटतो. खालच्या अंगाला मेफ्लाय या कीटकाच्या चपट्या अळ्या बाजूला सरकतात, पोटाच्या कडेने पिसांसारखे कल्ले, मागे शेपटीचे दोन-तीन धागे. वाळूचे कण चिकटवून केलेली कॅडिसफ्लाय या कीटकाच्या अळ्यांची घरं दगडाला लागलेली असतात. गोट्यांच्या फटीतून पट्टेदार मुरा मासा सटकतो. हे सगळं जग त्या फटींत राहतं. वर डोंगर कापून प्लॉट पाडले, रस्त्याची माती ओढ्यात लोटली की लाल गाळ येऊन फटी बुजतात. गोट्यांत घातलेल्या अंड्यांना वाहतं पाणी मिळत नाही, ती गुदमरतात. दगडावरचं शेवाळ खरवडून खाणाऱ्या मल्याचं ताटही मातीने भरतं.

दहा दगड उचला. निम्म्याहून जास्त दगड अर्ध्यापर्यंत गाळात रुतलेले निघाले तर गाळाचा उगम वरच्या अंगाला शोधावा. तो थांबवल्याशिवाय खाली काहीही केलं तरी फुकट.

नाला खोलीकरणात तर गोटेच उचलले जातात. डोह आणि खळाळ आलटूनपालटून असलेला ओढा जेसीबीने सरळ चर करून ठेवला की पाणी दिसतं, पण मुऱ्याला फट नाही आणि महसीर माशाला अंडी घालायला गोटे नाहीत. महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात देवीच्या श्रद्धेने महसीर राखला गेला, त्याचं मोल मोठं आहे. पण उन्हाळ्यात तग धरायला डोह आणि विणीला गोट्यांवरून वाहणारं पाणी, दोन्ही लागतं.

काठचे करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज तोडले की ऊन थेट पाण्यात उतरतं. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. शिवाय पडलेल्या पानांवर कीटक जगतात, कीटकांवर मासे. काठाला दोन्ही बाजूंनी निदान पाच मीटर पट्टा मोकळा सोडला तरी वाळुंज आणि शेरणीची झुडपं पुन्हा धरू लागतात. शेरणीची मुळं पुरातही काठ सोडत नाहीत.

चढणीच्या दिवसांत पात्र आडवं पूर्ण बंद करून बांधण, म्हणजे मासे पकडायचा आडोसा, घालू नये. निम्मी रुंदी उघडी ठेवली तर खाणाऱ्यालाही मासा मिळतो आणि वर जाणाऱ्यालाही वाट.

आणि पाहणीसाठी उचललेला दगड जसा होता तसाच, त्याच बाजूने, त्याच खळगीत परत ठेवा. खालच्या अंगाच्या अळ्या उन्हात काही मिनिटांत वाळतात.