अगं, पुढे ढकल ना ते!

"अगं, पुढे ढकल ना ते!" आई म्हणाली, आणि माझा हात रिमोटकडे गेलासुद्धा.

काल रात्री 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हा सिनेमा बघत होतो, अमेरिकेत गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या सॉलोमन नॉर्थपची खरी गोष्ट. एका प्रसंगात तो झाडाला लटकलेला: गळ्यात फास, चवडे चिखलात कसेबसे टेकलेले. मागे पोरं खेळतायत, बाकीचे आपापल्या कामाला. कॅमेरा जागचा हलत नाही.

आज नॉर्थपचं स्वतःचं १८५३ सालचं मूळ पुस्तक काढलं. तिथे तो लटकलेला नाहीच. हातपाय बांधलेले, गळ्यात दोर, अमेरिकेतल्या लुइझियानाच्या उन्हात सूर्य मावळेपर्यंत उभा. रेचल नावाची गुलाम बाई घाबरत येते, पाण्याचा पेला ओठांशी धरते.

म्हणजे सिनेमाने फास घट्ट केला, पण अख्खा दिवस दोन-चार मिनिटांत बसवला. आणि सोफ्यावर बसून आम्हाला तेवढाही सोसवेना.

आणखी एक अडकलंय डोक्यात. त्याला विकत घेणाऱ्या फोर्डला नॉर्थप पुस्तकात अगदी भला, देवमाणूस म्हणतो. सिनेमा मात्र फोर्डला इतक्या सहजी सोडत नाही. बघताना मी सिनेमाच्या बाजूने होते. पण ज्याने सोसलं तोच भला म्हणतोय, तर त्याला खोडणारी मी कोण?