बरं, मग पुढे?

नवीन काही कळलं की ते पोटात राहत नाही, कोणाला तरी सांगावंच लागतं, आणि त्या कामाला घरचे लोक फारसे उपयोगाचे नसतात. शुक्राला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला पृथ्वीवरचे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला २२५, हे मी सकाळी सकाळी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली डबा भरलाय, निघा आता. बरोबरच आहे तिचं. असल्या गोष्टींना मित्रच पाहिजेत, तेही ज्यांना घरी जायची घाई नाही असे.

आमचा ग्रुप जळगाव, भुसावळ, रावेर असा पसरलेला आहे आणि हिवाळ्यात कोणाच्या तरी शेतात भरीत असलं की सगळे जमतात. प्रत्येकाचं एक खूळ आहे. एक केळीवाला, त्याला आम्ही आबा म्हणतो, एक रेल्वेतला भुसावळकर, एक मास्तर ज्यांना जुने शिलालेख आणि जुनी घरं सोडून कशात रस नाही, आणि मी, ज्याला सगळ्यातलं थोडं थोडं लागतं. फोनवर जे रोज येतं, अमुक केल्याने तमुक होतं, नासाने मान्य केलं वगैरे, ते आमच्यात चालत नाही. फॉरवर्डला मालक नसतो, त्याला उलटा प्रश्न विचारायची सोय नसते. आमच्यात ज्याने सांगितलं त्याला लगेच विचारतात, "बरं, मग पुढे?" आणि पुढचं माहिती नसेल तर गपचूप भाकरी मोडायची.

मागे एकदा मी पंगतीतच सांगितलं की ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाचा प्राणी आहे आणि त्याची लेंडी चौकोनी असते, अगदी फाशांसारखी. आबाने घास न थांबवता विचारलं, "मग भोक बी चौकोनी का भो?" भोक गोलच असतं. भानगड आतड्यात आहे. शेवटच्या टप्प्यात त्या आतड्याची भिंत सगळीकडून सारखी ताणत नाही, कुठे कडक कुठे सैल, आणि माल तिथे हळूहळू वाळत पुढे सरकतो, त्यातून कोपरे तयार होतात. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांना २०१९ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन केलं की मिळतं ते. मास्तरांनी ताट बाजूला सरकवलं, आबाने त्यातलं भरीत स्वतःकडे ओढून घेतलं.

भरिताच्या वेळी डोकं जरा जास्तच चालतं असं माझं मत आहे. कपाशीच्या काड्यांवर हिरवी पांढरी वांगी भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल सढळ हाताने, आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. आता या ताटात वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने वांगं ही बेरी, मिरची ही बेरी, आणि नंतर जे केळं खाणार तेही बेरीच. स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही, तिच्या अंगावर जे बारीक दाणे दिसतात तीच तिची खरी फळं. यावर कोणी फार काही बोललं नाही, वांगं संपत आलं होतं.

पण मी म्हटलं केळीचं झाड हे झाडच नाही, ते एक मोठं गवतासारखं रोप आहे, तसा आबा उठला. कोयता घेतला आणि घड उतरवून झालेली एक केळ आडवी केली. "हे बघ, सोपटंच सोपटं." एकेक थर हाताने सोलत गेला, पांढरे, आत जाळी जाळी असलेले, पाणी टपकतंय, म्हणजे ज्याला आपण बुंधा म्हणतो ती सगळी पानांच्या देठांची गुंडाळी. खरं खोड म्हणजे कंद, तो जमिनीत. एकदम मधे मनगटाएवढा पांढरा गुळगुळीत दांडा निघाला, निसवायच्या वेळी हाच कंदातून वर चढतो आणि घड घेऊन बाहेर येतो. मी जे वाचलं होतं ते त्याला हाताने माहिती होतं, फक्त त्यात कोणाला सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. माझ्या शर्टाला केळीच्या चिकाचा डाग पडला तो आजही आहे, तो काही निघत नसतो.

मग त्याला तोड म्हणून मी ग्रो मिशेल नावाच्या केळीची गोष्ट सांगितली, आधी जगभर निर्यात व्हायची ती हीच, बी नाही, कंदापासूनच लावायची, सगळी रोपं एकसारखी, आणि पनामा रोगाने १९५०-६० पर्यंत तिचा बाजारच उठला, म्हणून कॅव्हेंडिश ही दुसरी जात आली. आपली ग्रँड नैन त्याच खानदानातली. आबा बराच वेळ बागेकडे बघत राहिला. हे त्याला आवडलं नाही.

भुसावळकराचं खूळ म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला ईस्ट इंडिया कंपनीने पाठवलेला सैन्यातला माणूस, वर्षानुवर्षं लेण्यांत बसून मोठमोठे कॅनव्हास केले, ते लंडनला गेले आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळपास सगळे जळाले. बरं, मग पुढे? तर गडी परत कामाला लागला. १८७९ ला वारला, आणि पुरलाय आमच्या भुसावळला! हे वाक्य तो इतक्या अभिमानाने म्हणतो की जणू गिल त्याच्याच डिव्हिजनला होता. पारू आणि गिलची प्रेमकथा सगळ्यांना पाठ असते, जळालेल्या चित्रांचं कोणी विचारत नाही, हा त्याचा राग आहे आणि मला तो पटतो.

मास्तरांचं चाळीसगाव. पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याची नोंद आहे, हे ते दर वेळी सांगतात आणि आम्ही दर वेळी ऐकतो. केकी मूसचं सांगायला लागले की मात्र भांडणं होतात. हा फोटोग्राफर चाळीसगावला स्टेशनजवळच्या घरात कित्येक दशकं जवळजवळ बाहेर न पडता राहिला आणि घरात बसून टेबलावर मांडामांड करून असे फोटो काढले की बघणारा फसावा. पंजाब मेलने येणाऱ्या कोणाची तरी वाट बघत होता म्हणतात. भुसावळकर म्हणतो गाडी लेट होती बाकी काही नाही.

सध्या चर्चा वेगळ्याच गोष्टीवर आहे. आबाने मला पहिल्यांदाच स्वतःहून प्रश्न विचारला, की केळी निघताना खाली तोंड करून असतात, मग भरताना वर का वळतात? मी सांगितलं, वाढताना ती गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेला जातात. तो म्हणाला, उन्हाकडे जात असतील. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, बघू. तर आता बांधाकडेला एक घड सुतळीने ओढून आडवा बांधलेला आहे. व्यापारी परवा येऊन बघून गेला आणि आबाच्या वडिलांना बाजूला घेऊन विचारत होता, पोराचं सगळं बरं आहे ना.