तुम्ही विचारलंत म्हणून: मॅक यायला किती दिवस लागतात?

विंडोजवर वर्षानुवर्षं सी-शार्प भाषेत कोड लिहिलेली मंडळी मला एकच प्रश्न विचारतात: मॅकसाठी नेटिव्ह ॲप लिहायला शिकायचं तर किती दिवस? आजवर मी बेधडक "तीन आठवडे" म्हणत आले. ते उत्तर मागे घेते आहे, पण पूर्ण नाही.

स्विफ्ट ही ॲपलची प्रोग्रामिंग भाषा तीन आठवड्यांत येते, यावर मी आजही ठाम आहे. ऑप्शनल, क्लोजर, स्ट्रक्ट आणि क्लासमधला फरक एवढं हातात बसलं की काम सुरू होतं. ॲपकिटच्या, म्हणजे मॅकवर विंडो-मेन्यू उभारणाऱ्या फ्रेमवर्कच्या, तऱ्हाही लवकर कळतात. व्ह्यूचा शून्यबिंदू खाली डावीकडे असतो. वर हवा असेल तर 'इज-फ्लिप्ड' ओव्हरराइड करायचं. शेवटची विंडो बंद झाली तरी ॲप सहसा चालूच राहतं. मेन्यूतली कमांड एका ठरावीक ऑब्जेक्टला न बांधता फर्स्ट रिस्पॉन्डरकडे (त्या क्षणी कीबोर्ड ज्याच्या ताब्यात आहे त्या घटकाकडे) सोडायची, मग ती साखळीतून वर चढत योग्य जागी पोचते. यातलं काही चुकलं तर पाचव्या मिनिटाला पडद्यावर दिसतं, म्हणून त्याची भीती नाही.

भीती कशाची, ते एका चुकीवरून सांगते. ती माझ्याच कोडमधली.

ॲप साधं: वापरणारा फोल्डर निवडतो, त्यातल्या फाइली एका विंडोत दिसतात, दर काही सेकंदांनी यादी ताजी होते. सँडबॉक्स, म्हणजे परवानगीशिवाय ॲपला बाहेरच्या फाइलींना हात लावू न देणारं कुंपण, चालू. ओपन पॅनेलमधून निवडलेल्या फोल्डरची परवानगी ॲप बंद होईपर्यंतच टिकते. पुढच्या वेळी तोच फोल्डर उघडायचा तर सिक्युरिटी-स्कोप्ड बुकमार्क (परवानगीसकट जागेची खूण) साठवावा लागतो. नुसता पाथ साठवला तर दुसऱ्या दिवशी एरर २५७ येते: वाचायची परवानगी नाही. फाइलचे हक्क तपासले तर ते अगदी ठीक दिसतात, कारण अडवणारा सँडबॉक्स असतो. कन्सोल हे मॅकच्या नोंदी दाखवणारं ॲप उघडून 'डिनाय' शोधलं की नेमका नकार सापडतो.

इथवर सगळं बरोबर केलं होतं. बुकमार्क सिक्युरिटी-स्कोपचा पर्याय देऊनच उघडला, मग 'स्टार्ट-ॲक्सेसिंग' बोलावलं, आणि फोल्डर सांभाळणाऱ्या क्लासच्या डीइनिटमध्ये (ऑब्जेक्ट मिटताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) 'स्टॉप-ॲक्सेसिंग'. विंडो गेली की क्लास जाईल, क्लास गेला की परवानगी परत जाईल. कागदावर चोख.

तरीही बराच वेळ चालू राहिलेल्या ॲपमध्ये अचानक नवा फोल्डर उघडेनासा व्हायचा. ॲप बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं सुरळीत. माझ्याकडे कधीच घडायचं नाही, आणि घडणार तरी कसं? दर थोड्या वेळाने बिल्ड करून चालवणाऱ्याचं ॲप तितका वेळ जगतच नाही.

दोष यादी ताजी करणाऱ्या टायमरचा होता. टार्गेट-सिलेक्टर पद्धतीचा टायमर आपल्या टार्गेटला, इथे विंडो कंट्रोलरला, घट्ट धरून ठेवतो, आणि रन लूप (ॲपचं सतत फिरणारं चक्र) टायमरला. मी टायमर इन्व्हॅलिडेट, म्हणजे कायमचा बंद, करत होते, पण विंडो कंट्रोलरच्या डीइनिटमध्ये. टायमरने धरून ठेवलेल्या कंट्रोलरचं डीइनिट चालणारच नाही, म्हणून टायमर थांबणार नाही, म्हणून कंट्रोलर सुटणार नाही. त्याच्याबरोबर फोल्डरचा क्लासही अडकला आणि स्टॉप कधी झालंच नाही. न सोडलेल्या प्रत्येक परवानगीमागे कर्नलची थोडी साधनं अडकून राहतात. ती फार साचली की ॲपला सँडबॉक्समध्ये नवी जागा जोडताच येत नाही, पुन्हा चालू होईपर्यंत. दुरुस्ती एका ओळीची: इन्व्हॅलिडेट डीइनिटमधून काढून 'विंडो-विल-क्लोज'मध्ये. एक्सकोड या ॲपलच्या कोड लिहायच्या साधनातल्या मेमरी ग्राफमध्ये ती साखळी उघड दिसत होती. मी तो उघडलाच नव्हता.

हे सगळं ॲपलच्या दस्तऐवजात लिहिलेलं आहे, हे मान्य. पण वाचूनही ते अंगात भिनत नाही, कारण सी-शार्पमध्ये नको ती मेमरी आपोआप झाडणाऱ्या गार्बेज कलेक्टरने लावलेली सवय आड येते. तिथे दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसले तरी बिघडत नाही. इथे एआरसी (स्विफ्टचं मेमरी सांभाळणारं तंत्र) फक्त संदर्भ मोजतं, फेरा ओळखत नाही. बरं, सी-शार्पमध्ये फाइल उघडताना, काम संपताच ती सोडणारं 'युझिंग' लिहायची शिस्त होतीच की! तीच इथे नेली असती तर परवानगी सोडणं मी डीइनिटच्या भरवशावर टाकलं नसतं.

"मग सँडबॉक्स बंद ठेवा" असंही पूर्वी मीच सांगायचे. ॲप स्टोअरबाहेर द्यायचं असेल तर तो सक्तीचा नाही. डेव्हलपर आयडीची सही, हार्डन्ड रनटाइम आणि नोटरायझेशन (ॲपलकडून ॲपची तपासणी) पुरतं. सल्ला चुकीचा नव्हता. पण पुढे स्टोअरमध्ये जायचं ठरलं की फाइलींना हात लावणारा सगळा कोड पुन्हा तपासावा लागतो, हे मी सांगत नसे. आज दोन्ही बाजू पटतात. ॲपकिटऐवजी ॲपलचं नवं फ्रेमवर्क स्विफ्टयूआय घेतलंत तरी बुकमार्क आणि एआरसी तेच राहतात, एवढं मात्र नक्की.

म्हणून आता दिवस सांगत नाही, काम देते. फोल्डर उघडणारं ॲप लिहा, सँडबॉक्स पहिल्या दिवसापासून चालू ठेवून. प्रत्येक क्लासच्या डीइनिटमध्ये एक प्रिंट टाका. विंडो बंद केली की ती ओळ उमटली पाहिजे. मग एक छोटा लूप लिहून ॲप बंद न करता हजारो वेळा फोल्डर उघडा आणि मिटा. शेवटचा फोल्डर पहिल्यासारखाच उघडला, की मला पुन्हा विचारा.