बैठकीच्या खोलीबाहेर

मी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात बालसंरक्षण सेवेत केस वर्कर आहे. इथे मूल अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजाचं असेल तर त्याच्याबद्दलचे मोठे निर्णय परस्पर घ्यायचे नसतात, २००५ च्या कायद्यातच तसं आहे. नातेवाइकांची बैठक भरते आणि ती चालवायला आमच्या कन्व्हीनरसोबत त्यांच्या समाजाचा कन्व्हीनरही असतो.

माझ्या पहिल्या बैठकीत दोन भावंडांचा प्रश्न होता. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

खरं काम बैठकीच्या आधी झालं, आणि ते मी केलं नाही. समाजाच्या कन्व्हीनर बाईंना सगळे ‘आँटी’ म्हणतात. माझ्या फाइलीत आई, आजी आणि ‘वडील : संपर्क नाही’ एवढंच होतं. आँटींनी फोन करकरून आत्या शोधली, मामा शोधला, दूरचे आजोबासुद्धा. मुलांची आई माझ्याशी बोलत नव्हती. कशी बोलेल? तिच्या आजीला लहानपणी सरकारनंच घरातून नेलं होतं. पंतप्रधान केव्हिन रड यांनी २००८ मध्ये संसदेत अशा घरातून नेलेल्या अ‍ॅबोरिजिनल मुलांच्या पिढ्यांची माफी मागितली खरी, पण माझ्या गळ्यातलं ओळखपत्र सरकारचंच.

बैठकीत काळजीचे मुद्दे मी मांडायचे होते. आँटींनी माझा कागद आधीच तपासला. “हे ऑफिसातलं बोलणं काढ. कुठल्या रात्री मुलं एकटी होती, तेवढं सांग.”

मग आम्ही बाहेर. ठरवायचं ते घरच्यांनी, सरकारी माणूस आत नको. आतले आवाज चढले तेव्हा मी दोनदा उठले, आँटींनी खूण करून बसवलं. गावाकडची भावकीची बैठक मी पाहिली आहे, तिथे बायका दाराआड. इथे आजीपुढे कुणाचं चालत नव्हतं.

त्यांचा प्लॅन माझ्यापेक्षा कडक निघाला. मुलं आत्याकडे राहतील. आई दारात पोचेपर्यंत ती येणार हे मुलांना सांगायचं नाही, वाट बघायला लावायची नाही. शनिवारी मामा फुटबॉलला नेईल. मी विचारलं, आत्याला रात्रपाळी असेल तेव्हा? सगळे पुन्हा आत गेले.

शेवटची मंजुरी मात्र आमच्या विभागाची, शिवाय आत्याची पोलीस पडताळणी वगैरे होतंच. आता काही अ‍ॅबोरिजिनल संस्थांना त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम १८ खाली न्यायालयाच्या आदेशाखालच्या मुलांची जबाबदारी थेट दिली जाते. मला तेच जास्त पटतं.