गंजाचा रंग

आज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेले होते. तेलाचे डाग पडून बाजूला काढलेले टॉवेल मागायला. कारखानदार मामा हसले, "ताई, पुसायला नेताव का?" म्हटलं, जॅकेट शिवायचंय. वजनावर दिले, वर चहा पाजला. माग सुरू असताना तिथं ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे घासाघीस जमलीच नाही.

माझा प्रयोग असा. सांगोल्याच्या डाळिंबांच्या वाळवलेल्या साली उकळल्या की कापडाला पिवळा रंग येतो. गुळाच्या पाण्यात गंजके खिळे पंधरा दिवस मुरवून ठेवले होते (वासाबद्दल घरच्यांना विचारू नका). पिवळं कापड या लोखंडाच्या पाण्यात बुडवलं की सालीतल्या टॅनिनमुळे (तुरट द्रव्यामुळे) डोळ्यांदेखत करडं, हिरवट होत जातं. तेलाच्या डागावर मात्र रंग नीट धरत नाही, तिथं फिकट ठिपका राहतो. मला तोच आवडला. पावसानंतरचा नान्नजचा माळ आणि १८७७च्या जुन्या गिरणीच्या दगडी भिंती, दोन्ही त्या एका तुकड्यात दिसले.

पहिला टॉवेल मीच घालवला. लोखंडाचं पाणी जास्त झालं, सूत कुजल्यासारखं झालं, पिळताना टर्रकन फाटला. दुसऱ्यापासून चमच्यानं मोजून घातलं.

संध्याकाळी दोरीवर सहा तुकडे वाळत होते. सासूबाई बघून म्हणाल्या, "धुवायचे राहिलेत का गं?"

जॅकेटला अस्तर जुन्या चादरीचं लावणार. मोराच्या नक्षीची कुणाकडे फाटकी पडून असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन.