उरणला घर बघायला

आज नवऱ्यासोबत नेरूळहून लोकल पकडून उरणजवळच्या द्रोणागिरीला घरं बघून आले. जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत रेल्वे आली, त्याच महिन्यात अटल सेतू खुला झाला, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. त्यामुळे ‘आत्ता घ्या, नंतर परवडणार नाही’ हे प्रत्येक एजंटकडून ऐकलं.

मी मात्र गॅलऱ्या बघत होते. एका इमारतीतले जवळजवळ सगळे फ्लॅट विकले गेलेत म्हणे, पण कपडे वाळत होते फक्त तीन-चार गॅलऱ्यांत. बाकी बंद खिडक्या, धूळ. खाली टँकरचा पाइप टाकीत सोडलेला. वॉचमन म्हणाला, ‘रोजचंच आहे.’ भाडेकरू मिळत नसेल तर हप्ता आपल्याच पगारातून जाणार, हे एजंट सांगत नाहीत.

स्टेशनजवळची एक जुनी सोसायटी मात्र मनापासून आवडली. ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिका किंवा सिडकोसारख्या यंत्रणेचा दाखला) आहे, खाली किराणा दुकान, दवाखाना, शाळेची बस थांबते. दर थोडा जास्त आहे, पण मी तिथेच घेईन. नवीन प्रकल्पांचे महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारी राज्याची संस्था) क्रमांक टिपून आणलेत, तिच्या साइटवर ताबा कधी आणि खटले किती ते आज रात्री बघते.

उरणकडे कोणी राहत असाल तर मे महिन्यात पाण्याचं कसं असतं, खरंखरं सांगा.